शुक्रवारी पाणीपुरवठा घडवून आणला जाईल

ताई,

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. नोकरी ऐरोलीला, यंत्रांसोबत येतात त्या इंग्रजी माहितीपुस्तिका तपासायचं काम. दिवसभर चुका शोधून घरी आल्यावरही डोळे थांबत नाहीत. भाचा 'यू आर द बेस्ट मावशी' लिहिताना 'तुझी' या अर्थाचं 'युअर' लिहितो. मैत्रीण 'लूज वेट'मध्ये एक ओ जास्त घालते. स्टेशनजवळच्या वह्या-पेनांच्या दुकानावर स्टेशनरीचं स्पेलिंग चुकलंय आणि मी रोज त्याच्यासमोरून जाते. ऑफिसात 'प्रीपोन' आणि 'रिव्हर्ट बॅक' ऐकलं की दात शिवशिवतात.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी ग्रुपवर इंग्रजीत नोटीस टाकली. शुक्रवारचं पाणी, आणि ड्रायव्हर लोकांनी लायसन्सची प्रत वॉचमनकडे द्यावी, अशी. त्यात चार चुका होत्या. मी फोटोवर चार लाल गोल करून तो परत ग्रुपवर टाकला, सोबत हसरा चेहराही टाकला. काकांनी 'थँक यू बेटा' एवढंच लिहिलं. त्यानंतर त्यांनी एकही नोटीस लिहिलेली नाही. वॉचमन दारोदार तोंडी निरोप सांगत फिरतो. नवरा म्हणतो, तू सोसायटीत राहतेस की शाळेत?

आणि परवा माझी नऊ वर्षांची मुलगी आजीची किराण्याची यादी वाचून खो-खो हसली. मुलीला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून सासूबाई यादी इंग्रजीत लिहितात. त्यांनी शुगरची सुरुवात एस-एच अशी केली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. या वेळची यादी त्यांनी मला तोंडी सांगितली.

चुकीला चूक म्हणणं चूक आहे का? मला होतो तो त्रास खोटा आहे का? काकांशी कसं बोलू? आणि असे फसवे शब्द लक्षात राहतील अशा काही युक्त्या सांगितल्यात तर ग्रुपवर टाकीन म्हणते.

लाल शाई, घोडबंदर रोड

---

प्रिय लाल शाई,

तुमचा त्रास खोटा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तुमची बाजू फारशी घेणार नाही. ज्याची नजर शब्दांवर बसली त्याला चुकलेला शब्द दिसतोच, आणि बघायचं नाही असं ठरवून तो दिसायचा थांबत नाही.

शिवाय काकांची नोटीस खरोखरच गमतीची होती. तुम्ही फोटो जोडलात म्हणून बाकी वाचकांसाठी सांगते. काकांना म्हणायचं होतं, शुक्रवारी पाणीपुरवठ्यावर परिणाम होईल, धीर सोडू नका. 'अफेक्टेड'च्या जागी त्यांनी 'इफेक्टेड' लिहिलं. इफेक्ट हे इंग्रजीत बहुतेक वेळा नाम असतं, परिणाम या अर्थाचं. क्वचित ते क्रियापद होतं, आणि तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणे' असा होतो. म्हणजे नोटीस सांगत होती की शुक्रवारी पाणीपुरवठा घडवून आणला जाईल. टँकरची बिलं भरणाऱ्या घोडबंदरवासीयांना याहून गोड बातमी कोणती! धीराचं तर त्याच्याही पुढे. 'लूज'मध्ये ओ दोनदा आला आणि 'पेशन्स'चं 'पेशंट्स' झालं. दोन ओचा लूज क्रियापद म्हणून वाचला तर अर्थ होतो मोकळं सोडणे. रुग्णांना मोकळं सोडू नका! ठाण्याबाहेरचे लोक ठाण्याच्या नावावर जो एक शिळा विनोद करतात, त्याला हे आयतंच खाद्य.

तेव्हा हसू आलं असेल तर त्यात पाप नाही. पण तुम्ही चार गोल केलेत, आणि त्यातला चौथा चुकीचा आहे.

काकांनी लायसन्सच्या शेवटी सी-ई लिहिलं होतं. तुम्ही सीभोवती गोल करून वर एस लिहिलात. ब्रिटिश पद्धतीत हा शब्द नाम असेल तर सी आणि क्रियापद असेल तर एस. परवाना तो सीचा, परवाना देणे ते एसचं. आपल्याकडचं सरकारी इंग्रजी ब्रिटिश वळणाचं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्स सीनेच लिहिलेलं आहे. अमेरिकेत नाम असो की क्रियापद, दोन्हीकडे एस. माझा अंदाज असा की तुमच्या पुस्तिका तिकडच्या ग्राहकांसाठी असणार, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर अमेरिकन इंग्रजी लावलेलं असणार. तिथे सी लिहिला की खाली लाल नागमोडी रेघ येते. ती रेघ वर्षानुवर्षं बघितली की तोच निसर्गनियम वाटायला लागतो. काकांनी आयुष्यभर अर्ज-विनंत्या ज्या इंग्रजीत केल्या ते इंग्रजी वेगळं, तुम्ही ज्याचा पगार घेता ते वेगळं. ही फारकत जुनी आहे. नोआ वेब्स्टरने १८२८ साली आपला मोठा अमेरिकन शब्दकोश काढला, त्यात कलरमधला यू गेला आणि सेंटरच्या शेवटचे आर आणि ई उलटे झाले. लंडनला ते आजतागायत पटलेलं नाही.

दुसऱ्याची चूक दाखवताना आपली एक चूक होणं इतकं नेमाने घडतं की त्याला नावही आहे. जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने १९९२ साली 'जे बिघडू शकतं ते बिघडतंच' या मर्फीच्या नियमाचं स्पेलिंग मुद्दाम बिघडवून त्याला 'मफ्रीचा नियम' म्हटलं: कुणाच्या लेखनावर टीका करणारं काही लिहाल, तर तुमच्या त्या मजकुरात एक तरी चूक निघेलच. प्रूफं तपासणाऱ्या मंडळींना हा नियम तोंडपाठ असतो आणि तो आपल्याला लागू नाही अशी त्यांची खात्रीही असते.

आता चुकणाऱ्यांबद्दल. तुमच्या पत्रातून असं वाटतं की ही माणसं बेफिकीर आहेत. थोडी असतीलही. पण तुमच्या मैत्रिणीचा तो जास्तीचा ओ घ्या. गमावणे या अर्थाचा शब्द एल-ओ-एस-ई, त्याच्या शेवटी झ ऐकू येतो. सैल या अर्थाचा एल-ओ-ओ-एस-ई, त्याच्या शेवटी स. मराठी तोंडात दोन्ही 'लूज'च. शिंप्याकडची पँटही लूज आणि वजन घटवायचं तेही लूज. ऐकून फरक कळायची वाट तिथेच बंद झाली. मग माणूस दुसऱ्या शब्दांकडे बघतो. निवडणे या अर्थाचा 'चूझ' अगदी तसाच वाजतो आणि त्यात दोन ओ आहेत, तर मग लूझमध्ये एकच का? याला उत्तर नाही. तुमची मैत्रीण डोकं चालवून चुकली. चूक तिच्या डोक्यात नसून शब्दात आहे.

आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये असे शब्द थोडेथोडके नाहीत. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. तो आधी ब्रुझमध्ये होता, तिकडच्या फ्लेमिश वळणाचा परिणाम म्हणून भुताच्या 'घोस्ट'मध्ये जी मागे एच शिरला तो आजही तिथेच आहे. खरी पंचाईत पुढची. छापखान्यामुळे स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं आणि नेमक्या त्याच शतकांत इंग्रजीतले दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकत होते. लिहायची पद्धत जुन्या उच्चाराला चिकटून राहिली, तोंड पुढे निघून गेलं. त्यात पंडितांनी भर घातली. कर्जाचा 'डेट' फ्रेंचमधून बीशिवाय आला होता. मूळ लॅटिन शब्दात ब आहे हे दाखवायला सोळाव्या शतकाच्या सुमाराला मध्ये बी घातला. कुणी तो कधी उच्चारला नाही. 'आयलंड'मधला एस तर निव्वळ गैरसमज. तो शब्द जुन्या इंग्रजीतला, त्यात स कधीच नव्हता. 'आइल' या दुसऱ्याच शब्दाशी नातं जोडून तो घुसवला. विद्वानांची चूक होती म्हणून ती स्पेलिंग ठरली. काकांनी केली असती तर तुम्ही गोल केला असता.

लांब कशाला जायचं, तुमच्या शहराचंच बघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ज्या गावी पोचली ते तेव्हाच्या इंग्रजीत टी-ए-एन-एन-ए-एच असं लिहिलेलं सापडतं. मग एच पुढे येऊन ठाणा झालं, मग शेवटी ई लागून ठाणे. घोडबंदरच्या पाट्यांवर अजून 'बंदर' कुठे यू घालून आहे, कुठे ए. आणि एक मजा: कॉम्प्युटरवर कितीतरी मराठी गावांच्या नावांखाली लाल रेघ येते, ठाण्याखाली येत नाही. ते ठाण्याच्या कौतुकापोटी नव्हे. स्कॉटलंडमधल्या सरदाराची एक जुनी पदवी नेमकी याच स्पेलिंगची आहे, उच्चार 'थेन'. बाहेरगावचा पाहुणा लोकलच्या पाटीवर थेन वाचतो तेव्हा तो इंग्रजी बरोबर वाचत असतो आणि तरी चुकलेला असतो.

या यंत्राच्या तपासणीवर तुमच्यासारखीने विसंबू नये, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याला शब्द यादीत आहे की नाही एवढं प्रामुख्याने कळतं. लूज यादीत आहे, पेशंट्स यादीत आहेत, काकांच्या नोटिशीला ते यंत्र हसतमुखाने पास करणार. आजींच्या शुगरला मात्र नापास.

आपल्या मराठी कानाचा भाग आणखी आहे. ह्रस्व-दीर्घ आपण बोलताना फारसं पाळत नाही, म्हणून 'आय लिव्ह इन ठाणे'चं 'आय लीव्ह इन ठाणे' होतं. सकाळी आठ-बावीसची जलद पकडणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही खरंच आहे म्हणा. इंग्रजीत व दोन, आपल्याकडे एक. म्हणून 'वरी'पासून 'व्हेरी'पर्यंत सगळी गल्लत. 'देन' आणि 'दॅन' आपण एकाच सुरात म्हणतो. पण तिथे इंग्रजांनाही बोलायला जागा नाही, कारण मुळात तो एकच शब्द होता. मग या अर्थाचा आणि पेक्षा या अर्थाचा असे दोन वेगळे पक्के व्हायला सतरावं शतक संपावं लागलं.

प्रीपोनवर मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. पोस्टपोन आहे तर प्रीपोन का नाही? शब्द सोपा आहे, गरजेचा आहे, आपल्या देशाने रुळवला आहे आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला आहे. 'डू द नीडफुल'लाही हसू नका. तो इंग्रजांचाच जुना कचेरीतला वाक्प्रचार आहे, त्यांनी टाकला, आपण जपला. 'रिव्हर्ट बॅक' आणि 'डिस्कस अबाऊट' हे गाईचं गोमूत्र, पिवळं पीतांबर या जातीचे. कानाला खुपतात हे कबूल. पण पिवळं पीतांबर म्हणणाऱ्या आत्याला आपण कधी मधेच थांबवतो का?

इथे मला तुमच्या पत्राबद्दल बोलावं लागेल. त्यात तुम्ही सगळीकडे 'आणी' असं दीर्घ लिहिलं होतंत. मी छापताना ऱ्हस्व करून घेतलं. तुमचं नाव इथे नाही, म्हणून सांगायला संकोच नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ ला आणखी चार जोडले गेले. त्यांत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा सर्वसाधारण नियम आहे, आणि 'आणि' व 'नि' हे त्याचे अपवाद. म्हणजे तुम्ही चुकलात तेही नियमाला धरून, अगदी तुमच्या मैत्रिणीसारखं. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की आजवर कुणी तुमच्या 'आणी'भोवती लाल गोल केलेला नसणार. कुणी खो-खो हसलं नसणार. मराठी चुकली तर आपण म्हणतो, अर्थ कळला ना, मग झालं. इंग्रजी चुकलं की माणसाची शाळा, गाव, बापाची ऐपत सगळं काढलं जातं, तोंडाने नाही तर डोळ्यांनी. काकांना चार गोल दिसले तेव्हा त्यांना फक्त व्याकरण दिसलं नसणार. 'थँक यू बेटा' लिहायला त्या माणसाला किती वेळ लागला असेल, याचा विचार मी पत्र वाचल्यापासून करते आहे.

आणि तुमच्याच पत्रात जे आहे ते तुमच्या नजरेतून सुटलं. तुम्ही एवढ्या बारीक नजरेच्या, तरी. काका लिहायचे थांबले. सासूबाई लिहायच्या थांबल्या. दोघांनी एकही स्पेलिंग सुधारलं नाही. दोघांनी कागदच बाजूला ठेवला. म्हणून 'चुकीला चूक म्हणणं चूक आहे का' याला माझं उत्तर असं की ते काम करताना बघायचं, म्हटल्यावर समोरचा पुन्हा लिहितो की नाही. नाही लिहीत, तर तुम्ही काहीच दुरुस्त केलेलं नाही.

काही ठिकाणी मात्र गप्प बसणं हा गुन्हा आहे. तुमच्या पुस्तिकेत 'बोल्ट सैल करा' असं हवं तिथे 'बोल्ट हरवा' छापलं गेलं तर कुणाची तरी बोटं जातील. घराच्या करारनाम्यात नावाचं एक अक्षर चुकलं तर पुढे आधार, पॅन आणि सातबाऱ्याच्या चकरा. कर्जाच्या कागदावर मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल, शेवटी पी-ए-एल. तिथे तत्त्व या अर्थाचं पी-एल-ई बसलं तर बँकेच्या साहेबाला खुशाल टोका. चेकवर फॉर्टी लिहिताना फोरमधला यू गळतो, हे शेजारी चेक लिहीत असेल तर हळूच सांगा. छापायला जाणारी लग्नपत्रिका, बायोडेटा, सोसायटीचा ठराव, हे सगळं त्या माणसाला एकट्याला गाठून, आणि वेळेत. वेळ गेली की गप्प. स्टेशनजवळच्या त्या दुकानदाराला आज सांगून काय होणार? पाटी रंगवून झाली, पैसे गेले, गिऱ्हाईक वह्या घेऊन जातंय. नवी पाटी करतोय असं दिसलं तर जरूर थांबा. तोवर रोज समोरून जाताना दुसऱ्या फुटपाथने जा, खरंच सांगते.

आणि एका ठिकाणी कधीही नाही. कुणाचे वडील गेल्यावर ग्रुपवर शांतीच्या 'पीस'ऐवजी तुकड्याचा 'पीस' ओळीने पंधरा जण लिहितात. पुढच्याचं बघून मागचा. तुमच्या बोटांना खाज सुटेल. फोन उलटा ठेवा.

भाच्याला सोडून द्या. मुलगा मावशीला 'बेस्ट' म्हणतोय.

मुलीचं तेवढं सोपं नाही, कारण तिने हसायला शिकलं ते कुठून, हे तुम्हाला माहीत आहे. तिला ओरडू नका, आणि आजीची माफी मागायला लावून तमाशाही करू नका. तिला विचारा, शुगरमध्ये श ऐकू येतो तर एच कुठे आहे? सुरुवातीच्या एकट्या एसचा श करणारे शब्द शोधून आण म्हणा. तिला शुगर आणि शुअर सापडतील, मग बराच वेळ काही सापडणार नाही. तेव्हा तिला कळेल की आजीने शंभरातल्या अठ्ठ्याण्णव शब्दांना लागू पडणारी गोष्ट केली होती. मग सांगा की हा शब्द आपल्याकडूनच गेला: संस्कृतातली शर्करा फारसी-अरबीतून फिरत फिरत युरोपात पोचली आणि तिची शुगर झाली. आपली साखरही तीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजी यादी इंग्रजीत का लिहीत होती हे तिला साध्या शब्दांत सांगा. तुला वाचता यावी म्हणून. आजी तिच्यासाठी परक्या लिपीत लिहायला बसली. आता पुढच्या किराण्याला नातीने आजीच्या शेजारी बसून यादी मराठीत लिहावी. ती 'जिरे'च्या जिवर अडेल, 'चिंच' आणि 'चींच' यात गोंधळेल. सासूबाई हसल्या तर हसू द्या.

युक्त्या ग्रुपवर टाकू नका. काकांना त्या आपल्यालाच उद्देशून वाटतील, आणि वाटणं बरोबर असेल. पण बाकी वाचक विचारतात म्हणून इथे थोड्या. 'इट्स'वर अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरचं ते टिंब, द्यायचं की नाही अशी शंका आली तर ते 'इट इज' असं सोडवून वाचा. वाक्य चाललं तर द्या, नाही तर नको. 'हिज'ला नाही, 'अवर्स'ला नाही, तसं 'त्याचं' या अर्थाच्या 'इट्स'लाही नाही. (सतराव्या-अठराव्या शतकात छापील पुस्तकांतही तिथे ते दिलेलं सापडतं, तेव्हा फार उड्या मारू नयेत.) 'युअर'लाही हीच कसोटी. वह्या-पेनांची स्टेशनरी ई-आर-वायने संपते, कारण विकणारा तो स्टेशनर. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. मध्ययुगात फेरीवाले पुस्तकं विकत हिंडत आणि हा एका जागी ठाण मांडून बसे, म्हणून तो स्टेशनर. ए-आर-वायची स्टेशनरी म्हणजे जागचं न हलणारी, सकाळी साडेनऊला पातलीपाड्याच्या सिग्नलला दिसते ती. सल्ला हे नाम, अ‍ॅडव्हाइस, सीने. सल्ला देणे, अ‍ॅडव्हाइझ, एसने, आणि इथे निदान उच्चार तरी साथ देतो. अफेक्ट-इफेक्टला कानाची साथ नाही, डोळ्याचीच सवय करावी लागते: ए हे बहुतेक वेळा क्रियापद, ई हे बहुतेक वेळा नाम. 'बहुतेक वेळा' म्हणते, कारण घोडबंदरचं पाणी तुम्ही पाहिलंत.

आता काका. तुमचं नशीब असं की माफी मागायला तुमच्या हातात एक खरीखुरी चूक आहे. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी' असली पोकळ माफी मागायची वेळ नाही. जिथे गोल टाकलेत तिथेच, त्याच ग्रुपवर, मराठीत लिहा: 'काकांनी लायसन्स सीने लिहिलं होतं, तेच बरोबर आहे. मी बरोबर गोष्टीला चूक म्हटलं. बाकीचंही ग्रुपवर गोल करून दाखवायला नको होतं. काका, माफ करा.' त्यात 'पण' कुठेही येऊ देऊ नका. हसरा चेहराही नको.

दोन दिवसांनी त्यांच्या घरी जा, फोन नको. आणि विचारा, नोटीस इंग्रजीत लिहायची सक्ती कुणी केली होती? तुमच्या इमारतीत तमिळ, गुजराती, मल्याळी घरं असतील, त्यांच्यासाठी इंग्रजी लागतं हे बरोबर. मग काकांनी मराठीत लिहावी, ती आधी लागावी, आणि खाली इंग्रजी तुम्ही करून द्यावं. सोसायटीच्या कामात तुमच्या नोकरीचा उपयोग होईल तो असा. काकांचं मराठी तुम्ही तपासायचं नाही, हे आधीच कबूल करून टाका. त्यांना तुमचं इंग्रजी तपासायचं असेल तर तपासू द्या. लायसन्स आलं की कुठला एस आणि कुठला सी ते ते नक्की बघतील.